नखं खाणाऱ्या हातांवर जेल बसवलं तर सवय सुटते का?

ताई, तुमचं म्हणणं मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठं चुकली असेल तर कळेल. वय २९. चौथीत असल्यापासून नखं खाता. कोल्हापूरच्या गुजरीत एका सराफी दुकानात काउंटरला आहात. साज, ठुशी, पाटल्या हातात धरून दाखवाव्या लागतात आणि गिऱ्हाईक दागिन्याच्या आधी तुमची बोटं बघतं असं तुम्हाला वाटतं. मार्गशीर्षात भावाचं लग्न आहे. आत्ताच जाऊन ॲक्रिलिकची लांब कृत्रिम नखं करून घेतली तर सवय कायमची सुटेल का, खर्च किती येईल, आणि असली बोटं घेऊन पार्लरात शिरायची लाज वाटते तिचं काय करायचं, हे तुमचे तीन प्रश्न.

मी राजारामपुरीत गेली बारा वर्षं फक्त नखांचंच काम करते. त्याआधी घरातल्या पुढच्या खोलीत थ्रेडिंग-फेशियल करायची. नखं खाणाऱ्या बायका, मुली आणि पुरुषही माझ्याकडे येतात, आणि बहुतेक सगळे तुमच्यासारखंच विचारतात: लांब नखं लावली की सुटेल ना? माझा अनुभव उलटा आहे. लांब नखं लावलेल्यांची सवय क्वचित सुटते. आखूड, गुळगुळीत आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा बघून घेतलेली नखं मात्र सवय मोडायला वेळ मिळवून देतात. किती वेळ? खालचं आपलं नख वाढून वर येईल तेवढा. तेवढ्या वेळात सवयीचं काय करायचं, ते तुमच्याच हातात राहतं.

असं का म्हणते ते सांगते. खुर्चीत बसलेली बाई माझ्याशी बोलत असते तेव्हा मी तिचा हात बघत असते. हात तोंडाकडे जायच्या आधी एक बारीकशी गोष्ट घडते. अंगठा त्याच हाताच्या पहिल्या बोटाच्या नखाच्या कडेवरून हळूच फिरतो. एकदा, दोनदा. मग मधल्या बोटावर. तो काहीतरी शोधत असतो. कुठं खरखर लागली, एखादं टोक उचललेलं लागलं, की तिथं अडकतो आणि उकरायला लागतो. अंगठ्याला जे जमत नाही ते दाताकडे जातं. दात ते काढतात, पण सरळ काढत नाहीत, तिथं आणखी दोन टोकं तयार करतात. अंगठ्याला पुढचं काम मिळालं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला असलेली एक मुलगी मला म्हणाली होती, ‘ताई, खाल्लं कवा त्येच कळत न्हाई बघा. रगात आलं की मग कळतंय.’ तिला ते कळत नव्हतं कारण सुरुवात तोंडात होतच नव्हती, अंगठ्यात होत होती.

आमच्या कामाचा उपयोग नेमका इथं आहे. कड गुळगुळीत केली की अंगठ्याला शोधायला काही सापडत नाही. वर जेलचा, म्हणजे लॅम्पच्या उजेडात घट्ट होणाऱ्या लेपाचा, थर असला की नख जाड होतं आणि दाताला पकड मिळत नाही. तोंडात गेलं तरी ते परकं लागतं आणि माणूस भानावर येतो. तिसरं कारण ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे: पैसे मोजलेले असतात, त्यामुळे खाताना जीव थोडा अडकतो.

आता हे कशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. सगळ्यांचा अंगठा शोधत नाही. काहींचा हात विचारात असताना, टीव्ही बघताना किंवा हिशेब जुळत नसताना थेट तोंडात जातो. कड गुळगुळीत आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. अशांना जेलचा फायदा कमी होतो, ते जेलही चावतात. तुम्ही कुठल्या गटात आहात ते मला इथं बसून सांगता येणार नाही, पण तुम्हाला आठ दिवसांत कळेल. पर्समध्ये एक कागद ठेवा. हात तोंडात सापडला की तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजले, कुठलं बोट, आणि आधी अंगठा फिरला होता का. आठवड्यानं तो कागद घेऊन नखांच्या कारागिराकडे जा. माझ्याकडे असा कागद कोणी आणला तर मी पहिली दहा मिनिटं तोच वाचते.

लांब नखांना मी का नाही म्हणते, त्यामागं माझी स्वतःची एक चूक आहे. धंद्याच्या पहिल्या वर्षी एक नवरी मुलगी आली होती. दहाही बोटांची नखं अर्ध्यापर्यंत खाल्लेली, टोकाचं मांस फुगून वर आलेलं. लग्न तीन दिवसांवर. तिला लांब हवी होती आणि मलाही ‘नाही’ म्हणायची हिंमत नव्हती. मी प्लॅस्टिकच्या टिपा, म्हणजे तयार नखांची टोकं, गमनं चिकटवल्या आणि वर ॲक्रिलिक घातलं. टिपेला धरायला नख असं फारसं नव्हतंच. अर्धी टीप नखावर, अर्धी मांसावर. हळदीच्या संध्याकाळी एक उचलली, आत पाणी गेलं, खाज सुटली आणि तिनं ती दातानं ओढली. एक गेल्यावर बाकीच्यांचा मुहूर्त लागला. सकाळपर्यंत चार उरल्या होत्या. निघालेल्या टिपांबरोबर तिच्या स्वतःच्या नखाचे पापुद्रे गेले होते, दोन बोटांतून रक्त येत होतं. फोटोत तिनं हार मुठीत धरलाय. मी पैसे परत दिले, पण त्या फोटोचं काही करता आलं नाही.

त्यातलं गणित साधं आहे. टोक जितकं लांब तितका त्याला रेटा जास्त बसतो, आणि खाल्लेल्या नखाला मागं धरून ठेवायला जागा कमी असते. शिवाय बोट सारखं तोंडात जात असल्यामुळे नख ओलसर, मऊ असतं. त्यावर कुठलंच काम घट्ट बसत नाही. म्हणून आता माझा नियम ठरलेला आहे: नख बोटाला जेवढं चिकटलेलं आहे त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पुढं काढायचं नाही. नखं खाणाऱ्यांच्या बाबतीत ते मोहरीच्या दाण्याएवढंच भरतं. बघणाऱ्याला एक्स्टेन्शन केल्याचं, म्हणजे नख वरून लांबवल्याचं, कळतसुद्धा नाही. पाटली धरलेल्या हाताला तेच शोभतं, असं माझं मत.

पहिल्या बैठकीत काय व्हायला हवं ते सांगते, म्हणजे कोणी भलतंच करत असेल तर तुम्हाला ओळखता येईल. सुरुवातीला रंग नाही, लॅम्प नाही. हात धुऊन फक्त बघायचं. लालसर सूज, पू, ठणका, हिरवट डाग किंवा चामखीळ दिसली तर मी त्या दिवशी काम करत नाही. कड उघडी आहे तिथं थराखाली पाणी आणि जंतू दोन्ही कोंडले जातात, आणि चामखीळ तर चावून एका बोटावरून दुसऱ्या बोटावर आणि ओठावरही जाते. अशांना मी आधी त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवते, सीपीआर या सरकारी दवाखान्याची ओपीडी आहेच. मधुमेह असेल तर तेही आधी सांगायचं.

सगळं ठीक असेल तर मागची त्वचा अगदी हलक्या हातानं सरकवायची, कापायची नाही. ती कापली की तिथं नवीन साल निघते आणि अंगठ्याला आणखी एक जागा मिळते. मग १८० ग्रिटची फाइल (ग्रिट म्हणजे खरखरीचा आकडा; मोठा आकडा म्हणजे बारीक फाइल), कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेनं. मागं-पुढं घासली की कडेचे थर फाटतात, आणि फाटलेला थर म्हणजे उद्याची खरखर. वरून बफर, म्हणजे चकाकी काढायचा मऊ ठोकळा, एकदाच फिरवायचा. खाल्लेलं नख आधीच पातळ असतं, त्यावर मशीन चालवायचं काही कारण नाही. पुढं नखाला केसभर जरी कड असेल तर नुसता थर पुरतो: रबर बेस (लवचिक तळकोट) किंवा बिल्डर जेल (आकार देता येणारं घट्टसर जेल), पातळ, आणि टोकाच्या धारेवरून वळवून घेतलेला. ही धार झाकायला बरेच जण विसरतात, आणि खाणारा माणूस नेमका तिथूनच सुरू करतो.

कड अजिबातच नसेल तर कागदी फॉर्म, म्हणजे ज्यावर नख पुढं घडवतात तो साचा, लावावा लागतो. त्यालाही युक्ती लागते, कारण फॉर्म नखाखाली सरकवायचा असतो आणि इथं नखाखाली जागाच नसते. मी फॉर्मचं तोंड कात्रीनं त्या बोटाच्या वळणाप्रमाणं कापते, फुगलेलं मांस बोटानं खाली दाबून धरते आणि मगच तो बसवते. एका बोटाला पाच-सात मिनिटं जातात. घाईत असलेली मुलगी हे करणार नाही, टीप चिकटवून मोकळी होईल.

ॲक्रिलिक की जेल, यावर आमच्यातच एकमत नाही. ॲक्रिलिक म्हणजे पावडर आणि द्रव एकत्र; ते हवेतच घट्ट होतं आणि मऊ नखाला त्यातल्या त्यात चांगलं धरतं, म्हणून कड नसलेल्या एक-दोन बोटांना पहिल्या खेपेस मी तेच वापरते. बाकीच्यांना बिल्डर जेल. ते थोडं लवचिक असतं, आपटलं तर नखासकट उचकटत नाही. एक गोष्ट मात्र विचाराच: द्रव कुठला आहे? आता चांगल्या द्रवात इथाइल मेथाक्रिलेट असतं. स्वस्तातल्या काही द्रवांत मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए असतं. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-प्रसाधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नखांसाठीच्या निव्वळ एमएमएच्या द्रवांवर १९७०च्या दशकातच कारवाई केली होती. त्याचा वास नाकात झोंबतो, फाइल त्यावर लागत नाही, ॲसिटोनमध्ये ते लवकर मऊ होत नाही. दगडासारखं घट्ट असतं, म्हणून दातानं ओढलं तर ते तुटत नाही. त्याच्याखालचं तुमचं नख निघतं. नखं खाणाऱ्याच्या हातावर ते असणं म्हणजे संकटच.

दुसरी काळजी ॲलर्जीची. कच्चं, म्हणजे अजून घट्ट न झालेलं, जेल त्वचेला लागत राहिलं की काहींना त्यातल्या ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की ती बहुधा आयुष्यभर राहते. दातात भरायचं साहित्य आणि हाडांच्या ऑपरेशनमधलं सिमेंट याच घराण्यातलं असतं, त्यामुळे तिथंही ती आडवी येऊ शकते. तुमच्या बोटांची त्वचा चावून सोललेली असते, म्हणून हा धोका तुम्हाला जास्त. जेल त्वचेवर सांडलं तर लॅम्पखाली हात घालायच्या आधी ते पुसलं जातंय का, हे स्वतः बघा. कारागीर बोलण्यात गुंग असेल तर सरळ सांगा. युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५पासून टीपीओ हा जेल घट्ट व्हायला मदत करणारा घटक सौंदर्यप्रसाधनांत बंद केलाय; तो नसलेली जेल आता बाजारात मिळतात, बाटलीवर लिहिलेलं असतं.

जाता जाता आपल्याकडचा एक खास प्रश्न: हळद. फिकट गुलाबी किंवा दुधी जेल लावून तांबड्या रश्श्यात बोटं बुडवली की दोन दिवसांत नखं पिवळी. चमच्यानं जेवा असं मी कोल्हापुरात कोणाला सांगणार नाही. वरचा कोट थोडा फाइल करून नवा देता येतो, आणि काउंटरवर बसणाऱ्या बायकांना मी मुळातच थोडा गडद रंग सुचवते. मरून किंवा तपकिरी. सोन्यापुढं तो दिसतोही बरा.

आता तुमच्या तारखा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं; मधल्या बोटाचं जरा जलद, अंगठ्याचं आणि करंगळीचं जरा सावकाश. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला चार ते सहा महिने लागतात. श्रावणात सुरू केलंत तर मार्गशीर्षापर्यंत चार महिने मिळतात, म्हणजे १२ मिलिमीटर. आज जे मुळाशी आहे ते लग्नापर्यंत टोकाजवळ आलेलं असेल. पांढरी कड तीन-चार आठवड्यांतच दिसायला लागते, पण त्यावर हुरळून जाऊ नका; नखाखालची त्वचा पुन्हा पुढंपर्यंत चिकटायला आणि ते फुगलेलं मांस बसायला त्याहून वेळ लागतो. काहींचं मूळच वर्षानुवर्षांच्या चावण्यानं दुखावलेलं असतं. त्यांच्या नखावर आडव्या रेघा किंवा लाटा राहतात, कधी कधी कायमच्या.

पहिले दोन महिने दर दहा दिवसांनी यायचं, काही बिघडलं नसलं तरी. काम तासाचं नसतं, वीस मिनिटांचं असतं: कडा फिरवायच्या, उचललेलं आहे का बघायचं, तेल लावायचं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांची सवय सुटली, ती याच फेऱ्यांमुळं सुटली असं मला वाटतं. महिन्यानं एकदा येऊन दोन तास बसणाऱ्यांचं जमत नाही, कारण पंधराव्या दिवशी कुठंतरी उचलतं आणि उरलेले पंधरा दिवस अंगठा तिथंच फिरत राहतो.

यात एक खड्डा मला आत्ताच दिसतोय, तो म्हणजे धनत्रयोदशी. त्या आठवड्यात गुजरीत पाय ठेवायला जागा नसते, तुम्हाला जेवायलाही वेळ मिळणार नाही, आणि चिडचिड झाली की हात तोंडात जाणारच. म्हणून वसुबारसेच्या आधी एक फेरी ठरवूनच टाका. आणि त्यातूनही एखादं नख खाल्लं गेलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तेवढं एक दुरुस्त करून घ्या. एका नखाचं नुकसान फार नसतं. ‘एक गेलंच आहे, आता काय राहिलं’ म्हणून त्या रात्री बाकीची नऊ जातात, त्याला मी जास्त भिते. एका नखाच्या दुरुस्तीचे किती घेणार, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. काही जण पूर्ण हाताचे लावतात.

आतापर्यंत मी बायकांबद्दलच बोलले, पण हे काम लांबीचं नसतं ते मला एका पैलवानानं शिकवलं. गंगावेशीकडच्या तालमीत सराव करणारा, विशीतला पोरगा. आईनं हाताला धरून आणलेला. दारातच उभा, आत यायला तयार नाही. कुस्तीत नख वाढवून चालत नाही, लढतीआधी तपासतात. त्याला नख वाढवायचं नव्हतंच. खाल्लेल्या कडांतून आखाड्यातली तांबडी माती आत जाऊन बोटं सुजायची. दोनदा डॉक्टरकडे जाऊन आला होता. त्याला मी जेल लावलं नाही. दर आठवड्याला नख बोटाच्या बरोबरीनं फाइल, कडा गुळगुळीत, मुळाशी तेल, एवढंच. तीन महिन्यांनी तो स्वतः फाइल मागायला आला आणि ती लंगोटाच्या पिशवीत ठेवतो म्हणाला. म्हणजे जेल हवंच असंही नाही. तुमच्या आठ दिवसांच्या कागदावर ‘अंगठा फिरला’ बहुतेक वेळा आलं असेल, तर नुसतं फाइलिंग करूनही बघता येईल, पैसे वाचतील.

फाइल मात्र जवळ हवीच. एक पर्समध्ये, एक काउंटरच्या खणात, एक उशाशी. धातूची नको, काचेची किंवा बारीक ग्रिटची घ्या. अंगठ्याला काही लागलं की दाताऐवजी फाइल, चार फटके, विषय संपला. रात्री झोपताना प्रत्येक नखाच्या मुळाशी जोजोबाचं नाहीतर बदामाचं तेल थेंबभर चोळा. तेलानं नख फार वेगानं वाढतं असं नाही, पण त्वचा मऊ राहते, सालं निघत नाहीत, आणि तेलकट बोट तोंडात घालावंसं वाटत नाही.

कडू पॉलिशबद्दल बरेच जण विचारतात. त्यात डेनाटोनियम बेंझोएट असतं. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये सापडलेला हा पदार्थ इतका कडू आहे की थोडासाही तोंडात राहवत नाही. उपाय वाईट नाही, पण आपण हातानं जेवतो. भाकरीचा तुकडा कडू लागला की बाई ते पॉलिश धुऊन टाकते आणि पुन्हा लावत नाही. लहानपणी तुम्हालाही कोणीतरी कारल्याचा रस किंवा मिरची चोळलीच असेल. मिरचीचा हात डोळ्याला लागून मूल रडतं, सवय तिथल्या तिथं राहते.

हाताला दुसरं काम देणं यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. अझ्रिन आणि नन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सवयींसाठी एक पद्धत मांडली. आधी हालचाल ओळखायची, म्हणजे तुमचा तो कागद. आणि हात निघाला की त्याला अशी कृती द्यायची की त्या वेळी नख खाणं शक्यच होणार नाही. मूठ वळून एक ते तीन मिनिटं तशीच धरायची, ही त्यातली सर्वात सोपी. सवय-उलट प्रशिक्षण म्हणून मानसोपचारात ती अजून वापरतात. तुमच्या दुकानात मूठ वळून उभं राहणं विचित्र दिसेल, पण दागिने पुसायचं मऊ फडकं तुमच्याजवळ असतंच. अंगठा फिरला की ते मुठीत घट्ट धरा, कोणाला काही कळणार नाही. घरी टीव्हीसमोर काय करायचं, तो उपाय मला एका गिऱ्हाइकाच्या आजीनं दिला: वाती वळायच्या. कापूस हातात असला की हात तोंडाशी जात नाही, गेला तर कापूस जिभेला चिकटतो. त्या मुलीच्या घरी आता दोन वर्षांच्या वाती तयार आहेत.

इथं एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. २०१३च्या डीएसएम-५ या मानसोपचारातल्या यादीत नखं खाणं ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा) प्रकाराच्या शेजारी, अंगाशी निगडित वारंवार होणाऱ्या कृतींमध्ये धरलंय. तेव्हा ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही’ असं स्वतःला बोलत बसू नका. आणि नखासोबत कातडीही रक्त येईपर्यंत खात असाल, केस उपटत असाल, किंवा त्यात तास-तास जात असेल, तर माझ्यासारखीकडे येण्याआधी समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही. मी स्वतः ओठाची सालं काढते, बारा वर्षं दुसऱ्यांची बोटं सांभाळूनसुद्धा.

काढायचं कसं, हे लावायच्या आधीच ठरवा. जास्तीत जास्त लोक इथं घसरतात. चार-पाच महिन्यांनी सगळं जेल एका दिवसात काढलं की खालचं नख पातळ, लवचिक लागतं, आणि अंगठ्याला चार महिन्यांनी पुन्हा कड सापडते. म्हणून मी सगळं एकदम काढत नाही. आधी डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट. दोन आठवडे ती टिकली तर पुढची दोन. उजवा अंगठा आणि पहिलं बोट शेवटी. दर फेरीला थरही पातळ करत जाते: बिल्डर जेल, मग नुसता बेस, मग साधं पॉलिश. ॲसिटोनचा कापूस फॉइलमध्ये गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, मऊ झालेलं हळूच सरकवायचं. न निघालेलं उचकटायचं नाही, परत गुंडाळायचं. काही बिल्डर जेल ॲसिटोनमध्ये विरघळतच नाहीत, ती फाइलनंच उतरवावी लागतात, म्हणून आपल्या हातावर काय लावलंय त्याचं नाव लिहून घ्या. कधी दुसऱ्या दुकानात काढायची वेळ आली तर ते उपयोगी पडतं. तुमच्या बाबतीत लग्न होईपर्यंत काढायला सुरुवातच करू नका, पौष उजाडू द्या.

खर्चाचं मी आकड्यात सांगत नाही, कारण आपल्याच गावात महाद्वार रोडपासून ताराबाई पार्कापर्यंत दर दुपटीनं बदलतात. हिशेब असा करा: पहिल्या बैठकीचा दर, अधिक चार महिन्यांतल्या सात-आठ छोट्या फेऱ्यांचा, अधिक काढण्याचा. काही ठिकाणी काढण्याचे वेगळे पैसे घेतात आणि ते आधी सांगत नाहीत. बेरीज झेपत नसेल तर पैलवानाचा मार्ग धरा. फाइल, तेल आणि वाती मिळून शे-दोनशे रुपयांत होतं. मधेच पैसे संपले म्हणून अर्ध्यावर सोडून, घरी बसून जेल दातानं सोलणं, यापेक्षा ते कितीतरी बरं.

लाजेचं म्हणाल, तर आमच्यासाठी तुमची बोटं नवीन नाहीत. पण तुमची अडचण खरी आहे, कारण दुकानात चार बायका बसलेल्या असतात आणि एखादी ‘अगंबाई, हे काय’ म्हणतेच. म्हणून मंगळवार-बुधवारची दुपारची वेळ मागून घ्या, तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात. येण्याआधी दोन दिवस नखं कापू नका, लपवायला पॉलिश लावू नका. आणि वेळ ठरवायला फोन कराल तेव्हाच सांगून टाका: ‘माझी नखं खाल्लेली आहेत, कडच नाही. फॉर्मवर आखूड करून द्याल का?’ समोरची म्हणाली, ‘या, आधी बघू,’ तर जा. ‘काही काळजी नको, टिपा लावू, मस्त लांब होतील,’ असं म्हणाली तर आभार माना आणि दुसऱ्या दुकानाचा नंबर शोधा.